विजयदुर्गाचे ओटे, कॅन्ससची न पेटणारी विहीर आणि हेलियमचा शोध

अमेरिकेच्या कॅन्सस राज्यातील डेक्स्टर या छोट्याशा गावात १९०३ च्या मे महिन्यात उत्सवाचे वातावरण होते. गावाजवळ खोदलेल्या विहिरीतून नैसर्गिक वायूचा प्रचंड झोत उसळला होता. दिवसाला सुमारे ९० लाख घनफूट वायू बाहेर पडत असल्याचा अंदाज होता आणि त्याचा घोंघाट दूरवर ऐकू येत होता. वायू सापडला म्हणजे कारखाने येणार, जमिनींना भाव येणार, गावाचे नशीब फळफळणार, अशी सर्वांची खात्री झाली. विहीर समारंभपूर्वक पेटवण्याचे ठरले. भाषणे झाली आणि गवताचा पेटता भारा झोतापाशी नेण्यात आला. वायू भडकला तर नाहीच, उलट पेटलेला भाराच विझला. पुन्हा प्रयत्न झाले, पण प्रत्येक वेळी आग विझत गेली. लोक हिरमुसले होऊन घरी परतले.

डेक्स्टरला त्या दिवशी जे सापडले होते, त्याची किंमत कोणाला कळली नाही. त्या वायूत हेलियम होते. सूर्याच्या प्रकाशात त्याची खूण प्रथम दिसली त्याला तेव्हा पस्तीस वर्षे झाली होती आणि ज्या ग्रहणात ती दिसली, त्याची सावली कोकण किनाऱ्यावरून गेली होती. या दोन घटनांच्या मध्ये वॉशिंग्टनच्या एका सरकारी प्रयोगशाळेत हेच मूलद्रव्य एका निष्णात रसायनशास्त्रज्ञाच्या हाती येऊन निसटले होते. मूलद्रव्याचा शोध एका व्यक्तीने एका क्षणी लावला, असे पाठ्यपुस्तकातील एका ओळीवरून वाटते. हेलियमचा इतिहास त्या समजुतीला छेद देतो. विजयदुर्गाविषयी मराठी मनात रुजलेली एक कथाही तो थोडी दुरुस्त करतो.

पिवळ्या रेषेचे कोडे

शेगडीवर आमटी उतू गेली आणि मिठाचे पाणी ज्योतीवर पडले, की निळी ज्योत क्षणभर पिवळीधमक होते. हा पिवळा रंग मिठातील सोडियमचा. प्रत्येक मूलद्रव्य तापल्यावर ठरावीक रंगांचाच प्रकाश देते. तो प्रकाश लोलकातून नेला, की वर्णपटात त्या मूलद्रव्याच्या ठरलेल्या जागी तेजस्वी रेषा उमटतात. त्यांच्या जागा बदलत नाहीत, म्हणून एखाद्या मूलद्रव्याची ओळख त्यांवरून पटवता येते. जर्मनीतील हायडेलबर्ग येथे रॉबर्ट बुन्सेन आणि गुस्ताव किरचॉफ यांनी १८५९-६० च्या सुमारास हे तंत्र पक्के केले. त्याच बळावर त्यांनी १८६० मध्ये सीझियम आणि १८६१ मध्ये रुबिडियम ही नवी मूलद्रव्ये शोधली. वर्णपटदर्शक हे उपकरण त्यानंतर रसायनशास्त्रज्ञांचे आणि खगोलशास्त्रज्ञांचे समाईक साधन झाले.

१८ ऑगस्ट १८६८ रोजी खग्रास सूर्यग्रहण होते आणि त्याची सावली भारतावरून पश्चिमेकडून पूर्वेकडे सरकणार होती. पाच मिनिटांहून अधिक काळ सूर्य झाकला जाणार असल्याने युरोपातील निरीक्षकांची भारताकडे रीघ लागली. कोकण किनाऱ्यावरून निघालेला सावलीचा पट्टा पटवर्धनांच्या जमखंडी संस्थानावरून, विजापूरवरून, पुढे गुंटूर आणि मछलीपट्टणमवरून गेला. जमखंडीत लेफ्टनंट जॉन हर्शेल, गुंटूरला मेजर टेनंट आणि फ्रेंच खगोलशास्त्रज्ञ पिएर जान्सेन, तर मछलीपट्टणमला मद्रास वेधशाळेचे नॉर्मन पॉगसन अशी मंडळी सज्ज होती.

ग्रहणात सूर्यबिंबाच्या कडेला लालसर सौरज्वाला दिसतात. त्यांच्या वर्णपटात निरीक्षकांना तेजस्वी रेषा दिसल्या. त्यावरून या ज्वाला तप्त वायूच्या, मुख्यतः हायड्रोजनच्या असल्याचे सिद्ध झाले. त्यांत एक पिवळी रेषाही होती. ती सोडियमच्या जागेच्या अगदी जवळ असल्याने बहुतेकांनी ती सोडियमची म्हणून नोंदवली. जान्सेन यांच्या लक्षात वेगळीच गोष्ट आली. या रेषा इतक्या ठळक होत्या, की ग्रहण नसतानाही त्या दिसायला हव्यात, असे त्यांना वाटले. दुसऱ्याच दिवशी त्यांनी ते करून दाखवले. मात्र त्यांनी नव्या मूलद्रव्याचा दावा केला नाही.

इंग्लंडमध्ये नॉर्मन लॉकियर हे युद्ध खात्यात कारकुनी करून फावल्या वेळात आकाश पाहणारे गृहस्थ स्वतंत्रपणे याच कल्पनेवर काम करत होते. २० ऑक्टोबर १८६८ रोजी त्यांनी इंग्लंडमधूनच, ग्रहण नसताना, सौरज्वालांचा वर्णपट पाहिला. जान्सेन आणि लॉकियर यांची पत्रे पॅरिसच्या विज्ञान अकादमीत एकाच दिवशी वाचली गेली. फ्रेंच सरकारने पुढे दोघांची मुद्रा असलेले पदक काढून ते श्रेय वाटून दिले.

पिवळ्या रेषेचा पाठपुरावा मात्र लॉकियर यांनी केला. काटेकोर मापन केल्यावर ती सोडियमच्या दोन रेषांच्या जागी बसेना. सोडियमच्या रेषा ५८९.० आणि ५८९.६ नॅनोमीटरवर आहेत, तर ही सुमारे ५८७.६ नॅनोमीटरवर. फरक दीड नॅनोमीटरचा, पण चुकीच्या खात्यात टाकण्याइतका लहान नव्हे. रसायनशास्त्रज्ञ एडवर्ड फ्रँकलंड यांच्या साहाय्याने त्यांनी हायड्रोजनपासून ती रेषा मिळवण्याचा प्रयत्न केला, पण ती मिळाली नाही. सूर्यावर एखादे अज्ञात मूलद्रव्य असावे, या निष्कर्षाकडे लॉकियर झुकले. ‘हेलिओस’ या सूर्यवाचक ग्रीक शब्दावरून हेलियम हे नाव पडले आणि १८७१ मध्ये विल्यम थॉमसन, म्हणजेच पुढील काळातील लॉर्ड केल्व्हिन, यांनी एका जाहीर भाषणात त्याचा उल्लेख केला.

नाव मिळाले तरी मान्यता मिळाली नाही. जे पृथ्वीवर कोणी पाहिले नाही, ज्याचे वजन केले नाही, ज्याचे एकही संयुग ठाऊक नाही, ते मूलद्रव्य कसे मानावे, असा रसायनशास्त्रज्ञांचा सवाल होता. तो रास्तही होता. मेंडेलेव्ह यांनी १८६९ मध्ये मांडलेल्या आवर्तसारणीत अशा वायूसाठी रकानाच नव्हता. पुढची सव्वीस वर्षे हेलियम हे खगोलशास्त्रज्ञांच्या पुस्तकातील एक नाव राहिले.

वॉशिंग्टनमध्ये निसटलेला शोध

याच काळात अमेरिकेच्या भूवैज्ञानिक सर्वेक्षण खात्यात विल्यम हिलेब्रँड नावाचे रसायनशास्त्रज्ञ काम करत होते. त्यांचा जन्म १८५३ मध्ये होनोलुलूचा, म्हणजे हवाई हे स्वतंत्र राज्य असतानाचा. वडील जर्मनीतून तेथे गेलेले डॉक्टर आणि वनस्पतिशास्त्रज्ञ. शिक्षणासाठी हिलेब्रँड हायडेलबर्गला बुन्सेन यांच्याकडे गेले, म्हणजे वर्णपटाचे तंत्र त्यांना मूळ घराण्यातूनच मिळाले होते. खनिजांचे विश्लेषण करण्यात त्यांच्या तोडीचा माणूस देशात क्वचितच होता. बारीकसारीक घटकही न सोडण्याबद्दल त्यांची ख्याती होती.

१८८० च्या दशकाच्या अखेरीस ते युरेनिनाइट या युरेनियमच्या खनिजाचे विश्लेषण करत होते. हे खनिज गंधकाम्लात उकळले, की बुडबुडे येऊन एक वायू बाहेर पडतो, असे त्यांना आढळले. वायू निष्क्रिय होता, सहजासहजी कशाशीही संयोग पावत नव्हता. हिलेब्रँड यांनी तो वर्णपटदर्शकाखाली पाहिला तेव्हा त्यांना नायट्रोजनच्या रेषा दिसल्या. रासायनिक चाचण्या केल्या, त्याही नायट्रोजनचीच साक्ष देत होत्या. युरेनिनाइटमध्ये नायट्रोजन असतो, असा निष्कर्ष त्यांनी १८९० मध्ये प्रसिद्ध केला. तो पूर्णतः चूक नव्हता, कारण त्या वायूत काही अंशी नायट्रोजन होताही. पण उरलेला भाग हेलियम होता.

याहून चटका लावणारी गोष्ट नंतर उघड झाली. हिलेब्रँड आणि त्यांचे सहकारी विल्यम हॅलक यांना त्या वर्णपटात कोणत्याही ज्ञात मूलद्रव्याशी न जुळणाऱ्या रेषा दिसल्या होत्या. हे एखादे नवे मूलद्रव्य तर नसेल, अशी शंकाही दोघांपैकी एकाने अर्धवट गमतीने बोलून दाखवली होती. नळीतील दाब आणि विजेचा प्रवाह बदलला, की वर्णपटाचे रूपही बदलते, हे त्या काळी सर्वज्ञात होते. त्या कारणावर बोट ठेवून त्यांनी शंका बाजूला सारली.

इकडे लंडनमध्ये विल्यम रॅम्झी यांनी लॉर्ड रॅले यांच्यासह १८९५ च्या जानेवारीत अरगॉन या नव्या वायूची घोषणा केली होती. त्या शोधाचे मूळही नायट्रोजनमध्येच होते. हवेतून मिळवलेला नायट्रोजन रासायनिक संयुगांतून मिळवलेल्या नायट्रोजनपेक्षा किंचित जड भरतो, एवढ्याशा तफावतीचा रॅले यांनी पिच्छा पुरवला होता. अरगॉन एखाद्या खनिजात संयुगरूपाने मिळेल का, याच्या शोधात असलेल्या रॅम्झींना ब्रिटिश म्युझियममधील खनिजतज्ज्ञ हेन्री मायर्स यांनी पत्र लिहून हिलेब्रँड यांच्या निबंधाकडे लक्ष वेधले. अमेरिकन शास्त्रज्ञाने ज्याला नायट्रोजन म्हटले तो निष्क्रिय वायू कदाचित अरगॉन असेल, ही त्यामागची कल्पना.

रॅम्झींनी क्लिव्हाइट हे युरेनिनाइटच्याच जातीचे खनिज मिळवले, त्यातून वायू काढला, त्यातला नायट्रोजन दूर केला आणि उरलेला भाग वर्णपटदर्शकाखाली धरला. त्यांना अनपेक्षित जागी एक झळझळीत पिवळी रेषा दिसली. त्यांनी नमुना विल्यम क्रूक्स यांच्याकडे पाठवला. मार्च १८९५ मध्ये क्रूक्स यांनी मापन करून उत्तर कळवले, की ही सूर्यावरचीच रेषा आहे. लॉकियर यांनाही नमुना मिळाला. ज्या रेषेसाठी सत्तावीस वर्षे टीका सोसली, ती त्यांनी पृथ्वीवरच्या काचनळीत पाहिली. त्याच सुमारास स्वीडनमधील उप्साला येथे पेर क्लेव्ह आणि निल्स लँगलेट यांनी स्वतंत्रपणे हेलियम मिळवून त्याचा अणुभारही मोजला.

ही बातमी वॉशिंग्टनला पोहोचल्यावर हिलेब्रँड यांनी एप्रिलमध्ये रॅम्झींना पत्र लिहिले. त्यात त्यांनी श्रेयाचा दावा केला नाही. आपल्याला त्या अनोळखी रेषा दिसल्या होत्या, नव्या मूलद्रव्याची शक्यता बोललीही गेली होती आणि आपण ती नाकारली, हे त्यांनी स्वच्छपणे लिहिले. ते पत्र उपलब्ध नसते, तर अमेरिकन शास्त्रज्ञाला ती रेषा दिसलीच नाही, असे इतिहासाने नोंदवले असते. हिलेब्रँड यांची प्रतिष्ठा या प्रसंगाने घटली नाही. १९०६ मध्ये ते अमेरिकन केमिकल सोसायटीचे अध्यक्ष झाले आणि १९०८ मध्ये राष्ट्रीय मानक संस्थेचे मुख्य रसायनशास्त्रज्ञ.

नारळाच्या कोळशाने उकललेले गूढ

डेक्स्टरची विहीर पेटली नाही, ही बातमी कॅन्ससचे राज्य भूवैज्ञानिक इरॅस्मस हॅवर्थ यांच्या कानी गेली. त्यांनी त्या वायूचा नमुना लॉरेन्स येथील कॅन्सस विद्यापीठात आणला. तेथे हॅमिल्टन केडी आणि डेव्हिड मॅकफार्लंड यांनी विश्लेषण केले. वायूत ७२ टक्के नायट्रोजन, १५ टक्के मिथेन आणि सुमारे एक टक्का हायड्रोजन निघाला. जळणारा भाग इतका थोडा असल्यामुळे गवताचा भारा विझला, हे कोडे तिथेच सुटले. गावाच्या दृष्टीने प्रश्न संपला होता. पण हिशेबात सुमारे १२ टक्के वायूची ओळख पटत नव्हती. हा भाग कशाशीच संयोग पावत नव्हता.

नायट्रोजनच्या खात्यात तो ढकलून देणे सोपे होते. केडी आणि मॅकफार्लंड यांनी तसे केले नाही. विद्यापीठाकडे हवा द्रवरूप करणारे यंत्र होते आणि अशी यंत्रे त्या काळी अमेरिकेत मोजकीच होती. त्यांनी काचेच्या फुग्यात नारळाच्या करवंटीचा कोळसा भरला आणि तो फुगा द्रवरूप हवेत, म्हणजे शून्याखाली सुमारे १९० अंशांवर, बुडवला. करवंटीच्या कोळशाला असंख्य सूक्ष्म छिद्रे असतात. एवढ्या थंडीत तो जवळजवळ सगळे वायू शोषून घेतो, हेलियम मात्र मोकळा राहतो. ७ डिसेंबर १९०५ रोजी विद्यापीठाच्या बेली हॉलमध्ये त्यांनी न शोषला गेलेला वायू तपासला आणि वर्णपटात तीच पिवळी रेषा उमटली. डेक्स्टरच्या वायूत १.८४ टक्के हेलियम होते.

हा आकडा लहान वाटतो, पण तोवर हेलियम ही दुर्मीळ खनिजांतून घनसेंटिमीटरने मिळवायची वस्तू होती. दोघांनी नंतर इतर अनेक विहिरींतील नमुने तपासले आणि त्यांतही हेलियम आढळले. हेलियम आता दुर्मीळ राहिले नाही, असा निष्कर्ष त्यांनी १९०७ मध्ये प्रसिद्ध केला. अमेरिकेच्या मध्यवर्ती मैदानांखाली त्याचे साठे होते.

ते तेथे आले कसे, याचे उत्तर किरणोत्साराच्या अभ्यासातून मिळाले. युरेनियम आणि थोरियम यांच्या विघटनातून अल्फा कण बाहेर पडतात. अल्फा कण म्हणजे हेलियमचे केंद्रक, हे अर्नेस्ट रदरफर्ड आणि थॉमस रॉइड्स यांनी १९०८ मध्ये मँचेस्टरला दाखवून दिले. खडकांतील युरेनियम कोट्यवधी वर्षे विघटित होत राहते आणि त्यातून निपजलेले हेलियम एक तर खनिजातच अडकते किंवा झिरपत जाऊन नैसर्गिक वायूच्या पोकळीत साठते. हिलेब्रँड यांच्या परीक्षानळीतील बुडबुडे आणि डेक्स्टरच्या विहिरीचा झोत यांचा उगम अशा रीतीने एकच होता. सूर्यावरचे हेलियम मात्र निराळ्या मार्गाचे. त्यातले बरेचसे विश्वाच्या आरंभीचे आणि उरलेले सूर्याच्या गाभ्यात हायड्रोजनच्या संमीलनातून बनणारे.

ओट्यांचे खरे वर्ष

सिंधुदुर्ग जिल्ह्यातील विजयदुर्ग किल्ल्यावर ‘साहेबाचे ओटे’ म्हणून ओळखले जाणारे दगडी चौथरे आहेत. लॉकियर यांनी १८६८ मध्ये या ओट्यांवर दुर्बीण ठेवून हेलियमचा शोध लावला, अशी कथा महाराष्ट्रात प्रचलित आहे. १८ ऑगस्ट हा दिवस तेथे हेलियम दिन म्हणून साजराही होतो. १८६८ च्या ग्रहणाच्या सावलीत विजयदुर्ग होता, हे खरे. लॉकियर मात्र तेव्हा भारतात नव्हते. त्यांचे निर्णायक निरीक्षण दोन महिन्यांनंतरचे आणि इंग्लंडमधील होते.

पण कथेचा धागा हवेत लटकणारा नाही. २२ जानेवारी १८९८ रोजी भारतावरून आणखी एक खग्रास ग्रहण गेले. त्या वेळी लॉकियर यांची मोहीम विजयदुर्गावर उतरली होती. ब्रिटिश आरमाराच्या ‘मेलपोमेनी’ या जहाजावरील अधिकारी आणि खलाशी त्यांच्या मदतीला होते. या मोहिमेचे छापील अहवाल उपलब्ध आहेत. त्यामुळे उपकरणांसाठीच्या ओट्यांचा संबंध १८९८ शी जोडणे पुराव्याला धरून आहे. त्याच ग्रहणासाठी सोलापूर जिल्ह्यातील जेऊर येथे पुण्याच्या महाराजा तख्तसिंहजी वेधशाळेचे प्राध्यापक कावसजी दादाभाई नायगमवाला यांनी तळ ठोकला होता. त्याच जेऊरला कॅलिफोर्नियाच्या लिक वेधशाळेचे विल्यम कॅम्पबेल हेही आपली उपकरणे घेऊन आले होते. अमेरिकेतील खगोलशास्त्राचा आणि महाराष्ट्राच्या मातीचा हा सव्वाशे वर्षांपूर्वीचा संबंध आज फारसा कोणाला ठाऊक नाही.

वर्ष दुरुस्त केल्याने विजयदुर्गाचे महत्त्व कमी होत नाही. १८९८ मध्ये तेथे आलेले लॉकियर हे एका अनोळखी रेषेने चक्रावलेले कारकून नव्हते. ते एकसष्ट वर्षांचे होते आणि त्यांचे म्हणणे तीनच वर्षांपूर्वी प्रयोगशाळेत खरे ठरले होते.

फुग्यांपासून रुग्णालयांपर्यंत

पहिल्या महायुद्धात हायड्रोजनने भरलेली हवाई जहाजे क्षणात पेट घेत. न पेटणाऱ्या आणि हलक्या हेलियमचे मोल तेव्हा लष्कराच्या ध्यानात आले. टेक्ससमध्ये उत्पादन सुरू झाले, पण पहिल्या नळकांड्या न्यू ऑर्लिन्सच्या धक्क्यावर असतानाच नोव्हेंबर १९१८ मध्ये युद्ध थांबले. १९२५ मध्ये कायदा करून अमेरिकेने हेलियमचा राष्ट्रीय साठा उभारण्यास प्रारंभ केला. टेक्ससमधील अमरिलोजवळची भूगर्भातील साठवण त्यातून घडली. परदेशी विक्रीवरील निर्बंधांमुळे जर्मनीचे ‘हिंडेनबर्ग’ हे हवाई जहाज हायड्रोजनवरच उडत राहिले आणि ६ मे १९३७ रोजी न्यू जर्सीतील लेकहर्स्ट येथे जळून खाक झाले. त्यात ३६ जणांचा बळी गेला. अमेरिकन सरकारने आपली हेलियम यंत्रणा २०२४ मध्ये खासगी कंपनीला विकली.

आज हेलियमची खरी गरज फुग्यांना नाही. एमआरआय यंत्रातील अतिवाहक चुंबक शून्याखाली सुमारे २६९ अंशांवर ठेवावे लागतात आणि त्या तापमानाला द्रवरूप राहणारे हेलियम हेच त्यासाठी उपयोगी पडते. संगणकाच्या चिप बनवणाऱ्या कारखान्यांना आणि अग्निबाणांनाही ते लागते. अमेरिकेत रुग्णालयांत किंवा चिप उद्योगात काम करणाऱ्या मराठी माणसांच्या रोजच्या कामात ते असतेच. हवेत त्याचे प्रमाण दहा लाख भागांत जेमतेम पाच आहे आणि वातावरणात सुटलेले हेलियम हळूहळू अवकाशात निघून जाते. खडकांत ते पुन्हा साठायला लागणारा काळ कोट्यवधी वर्षांचा आहे.

कॅन्सस विद्यापीठातील या कामाला अमेरिकन केमिकल सोसायटीने २००० साली राष्ट्रीय ऐतिहासिक रासायनिक स्मारकाचा मान दिला. विजयदुर्गाच्या ओट्यांशेजारीही १८९८ हे वर्ष, लॉकियर यांच्या मोहिमेची हकिगत आणि १८६८ च्या सावलीचा मार्ग यांची नोंद असायला हवी. हिलेब्रँड यांनी आपली चूक ज्या सरळपणे लिहून ठेवली, त्या सरळपणाने एका वर्षाची दुरुस्ती करणे महाराष्ट्राला जड जाऊ नये. सुट्टीत मुलांना घेऊन कोकणात उतरणाऱ्या परदेशस्थ कुटुंबांना मग ओट्यांवर उभे राहून सांगता येईल, की येथून हेलियमचा शोध लागला नाही, पण ज्याने त्याचा माग सोडला नाही तो माणूस येथे आला होता.